बावीस एकोणसत्तर

काकांचं खरं नाव विचारलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. सगळे त्यांना पाणसळकाका म्हणायचे. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती लांबट पट्टी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, ओळ सरळ आहे. गवंडी ती भिंतीला लावतो, काका गाड्यांच्या नंबरप्लेटला लावायचे. गाड्यांना पाट्या बसवायचं त्यांचं एका खोलीचं दुकान होतं आणि बुडबुडा मध्ये आल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नसत. "काका, पाटीच आहे हो, सिंहासन नाही," असं एखादं गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं. काका मान वर न करता म्हणायचे, "वाकडी पाटी आणि वाकडं तोंड, दोन्ही दुसऱ्यालाच बघावी लागतात. तुम्हाला काय त्याचं?"

दुकानाच्या मागच्या अंगाला काकू बसायच्या. पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा आकडे हाताने रंगवायचे आणि ते काम काकूंचं होतं. पट्टी नाही, साचा नाही, नुसता ब्रश आणि श्वास रोखून धरायची सवय. त्यांचा नऊ तर लांबून ओळखू यायचा. पोट जरा सुटलेलं, शेपटी आत वळलेली. काका चिडवायचे, "हा नऊ जेवून आलाय." काकू ब्रश पुसत म्हणायच्या, "उपाशी नऊ मला जमत नाही. तुम्हाला हवा तर दुसरीकडून आणा." दुसरीकडून आणायची काकांची काय बिशाद! घरची पांढरी गाडी घेतली तेव्हा तिची पाटीही काकूंनीच रंगवली. बावीस एकोणसत्तर. त्यातला नऊ तर अगदी भरपेट जेवलेला होता.

पुढे यंत्राच्या पाट्या आल्या, काकूंचा ब्रश डब्यात वाळून गेला, लेक लग्न होऊन लांब गेली. काकांनी दुकान विकलं. म्हातारपण दोघांनी सारखं वाटून घ्यायचं असं ठरलं होतं, पण ते काकूंच्या वाट्याला जास्त आलं. त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग वार. हे सगळ्यांचंच होतं म्हणून काकांनी मनाची समजूत घातली. एक दिवस बाजारात मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

काका भाजीचे सुटे पैसे घेत होते. मागे वळून बघतात तर काकू नाहीत. पांढऱ्या गाड्या ढिगाने उभ्या. शेवटी एका परक्या गाडीत काकू सापडल्या, पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. गाडीचा मालक बाहेर उभा होता बिचारा, अवघडून. काकू त्याला रागवत होत्या, "चला ना, केव्हाची बसलेय! भाजी सुकली." मालक भला होता, हसला आणि गेला. काकाही हसले. घरी येऊन मात्र मोरीत जाऊन नळ सोडून रडले. माणूस भला नसता तर? गाडी सुरू करून निघून गेला असता तर?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंची शिकवणी लावली. लहान मुलाला पाढे शिकवतात तशी.

"गाडी बघायची नाही. रंग बघायचा नाही. काय बघायचं?"

"नंबर," काकू म्हणायच्या.

"कुठला?"

"बावीस एकोणसत्तर. मीच काढलाय तो, मला काय सांगता?"

"मागून यायचं, पाटी वाचायची, जुळली तरच बसायचं. कुणी कितीही बोलावलं तरी नाही. पोलीस असो, शेजारी असो."

"आणि तुम्ही बोलावलं तर?"

काका थबकले होते. आपल्या आवाजात दुसरं कुणी बोलावलं तर, आपल्यासारखा कुणी दिसला तर, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर पाट्या घट्ट बसवलेला माणूस, कुठे थोडी ढील ठेवावी हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "मी बोलावलं तरी नाही. आधी नंबर."

शिकवणी इतकी पक्की बसली की काही विचारू नका. कालचं जेवण विसरलं, जावयाचं नाव विसरलं, पण नंबर नाही. रोज संध्याकाळी ते दोघं गाडीने गावाबाहेरच्या तलावावर जात. काकू मागून येत, वाकून पाटी वाचत, "बावीस एकोणसत्तर" असं मोठ्याने म्हणत आणि मग ऐटीत बसत. गाडी हलली की त्यांची जीभही हलायची. घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसणारी बाई गाडीत बसली की बोलायला लागायची. कुणाचं घर, कुणाचं दुकान, कुठल्या गिऱ्हाइकाने काळ्यावर पिवळे आकडे मागितले होते, काकांनी कुठल्या वळणावर पहिल्यांदा गाडी ठोकली. काका त्या एका तासावर जगत होते. उरलेला दिवस नुसता ढकलायचा.

आणि गाडीने दगा दिला. जुनी झाली होती, तिचा तरी काय दोष! इंजिन बसलं. गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावून सांगितलं, "काका, आता हिला सोडा." काकांनी साठवलेल्यात लेकीची थोडी भर घालून नवी गाडी घेतली. मुद्दाम पांढरीच घेतली, मुद्दाम त्याच बांध्याची. जुनी भंगारात गेली. तिच्या पाट्या मोडून द्यायच्या असतात. पुढची त्यांनी मोडून दिली. मागची, रोज वाचली जायची ती, त्यांच्याच्याने मोडवेना. ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माळ्यावर ठेवली.

नव्या गाडीच्या पाट्या शोरूमवाला बसवून देत होता. काका त्याला म्हणाले, "तू फक्त हातात दे." घराच्या अंगणात गाडी उभी करून त्यांनी सगळी हत्यारं मांडली. पाणसळ काढली, फुंकर मारून पुसली. पत्र्याला गंज लागू नये म्हणून मागे रबरी वॉशर घातले. पाटी टेकवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत हलवली, पेन्सिलीने खुणा केल्या. स्क्रू एकदाच आवळायचे असतात तसले होते. पुरते आवळले की डोकं आपोआप तुटून पडतं, मग कुठलाही पाना त्यांना धरू शकत नाही. चोरांसाठी केलेली सोय. टक्, टक्, टक्, टक् करत चारी डोकी तुटून पडली. काकांनी पाटीच्या कडेला नख घालून पाहिलं. नखही जाईना. मग सवयीप्रमाणे तळव्याने दोनदा थोपटलं आणि हाक मारली, "अगं, चल. तलावावर जाऊ."

काकू स्वेटर घालून आल्या. मागून आल्या, वाकल्या, वाचलं. "एक्याऐंशी शून्य चार," त्या म्हणाल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. "ही आपली नाही."

"आपलीच आहे. नवीन घेतली. काल सांगितलं ना तुला."

"नंबर वेगळा आहे."

"गाडी वेगळी म्हणजे नंबर वेगळा असणारच. बस, मी सांगतोय ना."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत फसवा प्रश्न विचारलाय आणि त्या काही फसायच्या नाहीत. "तुम्ही बोलावलं तरी नाही," त्या म्हणाल्या. "आधी नंबर."

आता बोला! आपणच लावलेलं कुलूप आणि किल्ली विहिरीत. काकांनी समजावलं, रागावले, हात धरून दाराशी नेलं. काकूंनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओरडायला लागल्या, "सोडा! माझे मिस्टर येतील आत्ता!" शेजारच्या खिडक्या उघडल्या. काकांनी हात सोडला आणि पायरीवर मटकन बसले.

लेकीने फोनवर पुष्कळ उपाय सांगितले. गाणी लावा, खाऊ पुढे ठेवा, मागची पाटी दिसणार नाही अशी भिंतीला टेकवून गाडी उभी करा. काकांनी ते सगळं केलं. पाटी दिसली नाही की काकू म्हणायच्या, "पाटी कुठाय? पाटी नसलेल्या गाडीत चोर असतात." हे वाक्यही काकांचंच, दुकानातलं. लेक शेवटी म्हणाली, "बाबा, नाही गेलात तलावावर तर काय बिघडलं? घरीच बसा ना आईशी बोलत." काका हो म्हणाले. आई घरी बोलत नाही, हे त्यांनी लेकीला कधी सांगितलंच नव्हतं.

तलावावर जाणं बंद झालं. काकू भिंतीकडे बघायच्या आणि काका काकूंकडे. एकदा तर काकूंनी दिवसभरात एवढंच विचारलं, "आपली गाडी आली का दुरुस्त होऊन?" काका उठले आणि त्यांनी माळ्याला शिडी लावली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. दुकान होतं तेव्हा एकदा एक ऐटबाज माणूस दुसऱ्याच गाडीचा नंबर घालून पाटी लावून मागायला आला होता. काकांनी त्याला हातातल्या पान्यासकट रस्त्यापर्यंत हाकलत नेलं होतं. "खोटी पाटी म्हणजे खोटं नाव," हे ते कुणालाही ऐकवायचे. त्याच काकांनी आता बावीस एकोणसत्तर पुसून घेतली, तिच्या मागे पत्र्याच्या दोन वाकड्या पट्ट्या ठोकल्या, ओरखडे येऊ नयेत म्हणून त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळली. नव्या पाटीत अडकवायला फट कुठे होती! काम इतकं चोख केलेलं. शेवटी डिकीच्या झाकणाच्या फटीत पट्ट्या अडकवून जुनी पाटी नव्या पाटीवर लोंबकळत ठेवली. जरा डावीकडे कलली. पाणसळ लावायचं त्यांना सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

काकू मागून आल्या. वाकल्या. "बावीस एकोणसत्तर," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारखा चेहरा उजळला. "आली होय दुरुस्त होऊन! रंग चांगला दिलाय." आणि बसल्या.

काकांनी मागे जाऊन पाटी काढली, डिकीत ठेवली आणि मगच गाडी सुरू केली. खोट्या पाटीने गाडी हातभरही चालवायची नाही, एवढा नेम त्यांनी स्वतःशी केला होता. उभ्या गाडीला काय, पडदासुद्धा लावतात. मन अशी वकिली बरोबर करतं. तलावावरून निघताना पुन्हा तेच. काकू कठड्याशी उभ्या असत, काका इकडेतिकडे बघत पाटी अडकवत, काकू येऊन वाचत, बसत, मग काका पाटी काढत. चोरी होती, पण त्या चोरीत त्यांना त्यांची बायको रोज तासभर परत मिळत होती.

हिवाळा लागला. काकू नंबर वाचायला जरा वेळ घ्यायला लागल्या. एकदा "बावीस" म्हणून थांबल्या. काकांनी हळूच "एकोण" म्हटलं, तेव्हा "सत्तर" म्हणाल्या. काकांना वाटलं, उजेड कमी आहे. दुसऱ्या एका दिवशी नुसताच आकड्यांवरून हात फिरवला आणि बसल्या. काकांना वाटलं, थंडी आहे, बोलवत नसेल. वाटून घ्यायचं म्हटलं तर माणसाला काय वाटणार नाही!

त्या संध्याकाळी तलावावर वारा होता. काकू कठड्याशी पाण्याकडे बघत उभ्या होत्या. काका डिकीशी वाकून पाटी अडकवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय चाललंय?"

ट्रॅफिकचे हवालदार होते. पोट सुटलेले, पन्नाशीचे, हातात टॉर्च. टॉर्चचा उजेड एकदा वरच्या पाटीवर पडला, एकदा तिच्याखालून डोकावणाऱ्या नव्या पाटीच्या कडेवर.

"डबल नंबर?" हवालदार म्हणाले. "या महिन्यात इथून गाड्या गेल्यात चोरीला. काढा ती. इकडे द्या."

काकांनी काढून दिली. टॉर्च त्यांच्या तोंडावर आला आणि हवालदारांनी भुवया उंचावल्या. "पाणसळकाका? माझ्या मोटरसायकलची पाटी तुम्हीच बसवली होती. अजून हललेली नाही. अहो, तुम्ही? तुम्हीसुद्धा?"

त्या "तुम्हीसुद्धा"ने काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाजार, परकी गाडी, शिकवणी, माझं ऐकू नकोस म्हणून मीच सांगितलेलं, जुनी गाडी, नवी गाडी. उलटसुलट, जसं तोंडाला येईल तसं. "गाडी चालवताना नाही लावत, साहेब. फक्त तिला बसवायला. हा नंबर वाचल्याशिवाय ती बसतच नाही. जीव गेला तरी बसायची नाही. घरी कसं नेऊ मी तिला? एवढी एकदा लावू द्या, मग काय करायचं ते करा."

हवालदारांनी ऐकून घेतलं. मग त्यांची नजर काकांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि चेहरा बदलला. "काका," ते म्हणाले, "म्हातारपणी तरी थापा मारू नका. बसल्यात की त्या."

काकांनी वळून पाहिलं.

काकू गाडीत बसल्या होत्या. पुढच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून. दार त्यांनीच ओढून घेतलं होतं. मागे आल्या नव्हत्या, वाकल्या नव्हत्या, वाचलं नव्हतं. गाडीचं दार उघडं होतं, एवढंच त्यांना पुरलं होतं.

इतके दिवस याच गोष्टीसाठी काकांनी विनवण्या केल्या होत्या. नंबर न बघता एकदा बस, माझं ऐक, एकदाच. आता ती बसली होती. काकांनी गाडीला हात टेकला.

"हा नंबर वाचल्याशिवाय बसत नाहीत म्हणे," हवालदार चिडून म्हणाले आणि पाटी घेऊन तसेच पुढच्या खिडकीशी गेले. काच खाली होती. त्यांनी पाटीवर टॉर्च धरला. "आजी, हे ओळखता का? हा नंबर कुणाचा?"

काकूंनी पाटी दोन्ही हातांत घेतली. वाकून नीट पाहिली, जशा त्या दुकानात वाळत घातलेल्या पाट्या पाहायच्या. नऊच्या पोटावरून बोट फिरवलं. काका श्वास रोखून उभे होते. त्यांचे ओठ आपोआप हलले, "एकोण..." पण आवाज फुटला नाही.

"नऊ जरा जाडा आलाय," काकू म्हणाल्या. "पण हात चांगला आहे हो. कुणी काढलंय?"

हवालदारांनी टॉर्च खाली केला. मग ते मागे आले, काकांच्या समोर उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली. पाटी त्यांनी काकूंच्या हातून परत घेतली होती, ती पुढे केली. "घ्या काका. माझं चुकलं. लावत जा तुम्ही, मी बघून घेईन इथलं."

काकांनी पाटीकडे पाहिलं. ती घ्यायला त्यांचा हात उठला, आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "आता लागणार नाही."

ते फिरून काकूंच्या बाजूला गेले. आजवर ही बाई परक्या गाडीत बसणार नाही, या एका भरवशावर ते भाजीचे पैसे द्यायला पाठ वळवत होते. त्यांनी सीटचा पट्टा तिच्या अंगावरून घेतला, खटक्यात अडकवला, एकदा ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग तळव्याने दोनदा थोपटलं.

"घट्ट बसलाय," काकू हसून म्हणाल्या. "तुम्ही चांगलं काम करता."